पाठीवरचं नाव

मी एक पितळी पाटी बोलतेय. आहे तळहाताएवढी, पण तोरा मोटारीचा. मोटारीच्या कपाळावर मिरवण्यासाठीच तर माझा जन्म झाला.

अमेरिकेत, मिशिगनमध्ये, १९०८ साली वेल्डन नावाच्या बग्गीवाल्याने मोटारींची कंपनी काढली. कंपनी कसली, बग्ग्यांची जुनी शेडच ती! वर्षभरात जेमतेम चौदा गाड्या झाल्या. गाद्या शिवणारी एल्सीच पाट्याही घडवायची. पहिल्या गाडीची पाटी मी. माझ्या पाठीवर तिने हौसेने खिळ्याने आपलं नाव कोरलं. मालकाला ते खपलं नाही. त्याने वरून बग्गीचा काळा रंग फासला.

पुढे गाडी बोटीने सिंगापूरला आली, यथावकाश भंगारात गेली. मी तेवढी उरले.

गेल्या वर्षी विभाने मला जुन्या बाजारातून आणलं. ती इथल्या विद्यापीठात जुन्या कारखान्यांवर संशोधन करते, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटमध्ये राहते. माझ्या पाठीवरचा रंग ती जिवापाड जपायची. बग्गीचा रंग कंपनीने पहिल्याच वर्षी वापरला होता, त्यामुळे तो तपासला की मी पहिल्याच वर्षीची हे सिद्ध होणार होतं. सोमवारी लॅबमध्ये जायचं ठरलं. मला मात्र एकच घोर होता: रंग असाच जपला गेला, तर एल्सी कायमची त्याच्याखाली.

तेवढ्यात पुण्याहून विभाची आई, संजीवनीताई, आल्या आणि खंडेनवमी उजाडली. घरात ना गाडी, ना अवजार. पूजा कशाची करणार? त्यांना मी दिसले. त्यांनी मला सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवलं आणि वेट मार्केटमधल्या, म्हणजे इथल्या भाजीबाजारातल्या, चिंचेने असं घासलं, की रंगाचा मागमूस उरला नाही. मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल. इतक्या वर्षांत मला कुणी पहिल्यांदाच नमस्कार केला.

संध्याकाळी विभा आली आणि मला लखलखताना पाहून धावतच जवळ आली.

"आई, काय केलंस हे! तो रंगच पुरावा होता गं!"

"मला काय माहीत? सणाला काळंकुट्ट कसं ठेवायचं?" ताईंचा चेहरा उतरला. "आणि मागे कुणाचं तरी नाव आहे, त्यालाही कुंकू लावलंय. घडवणाऱ्याला नको?"

विभाने मला उलटं केलं. बारीक रेघांत कुंकू बसून अक्षरं लाल उमटली होती.

"एल्सी," ती हळूच म्हणाली. "आई, त्या कारखान्याच्या कामगारांच्या यादीत एकही बाई नाहीये!"

शंभरावर वर्षांनी ते नाव कुणीतरी उच्चारलं. मला भरून आलं.

मी पहिल्या वर्षीची, हे आता कुणी मानणार नाही. न मानो. देव्हाऱ्याशेजारी माझं छान चाललंय. पुढच्या खंडेनवमीला खुशाल घासा, ताई. फक्त पाठीकडून जरा हलक्या हाताने.