धाकटीचं कार्ड

प्रत्येक मशीनच्या डोक्यावर कंपनीनं स्क्रीन बसवली, त्या दिवसापासून थोरलीचं त्या स्क्रीनशी काही जमलं नाही. कोण पत्र्यातून किती बकलं पाडतं, कोण कधी थांबतं, सगळं म्हणे त्या चौकोनात दिसणार. साहेब म्हणाले, ही तुमच्याच सोयीसाठी आहे. थोरली मनात म्हणाली, आमच्या सोयीची काळजी यांना कधीपासून लागली? नक्की कुणाचा तरी काटा काढायचाय.

कुणाचा, तेही तिला ठाऊक होतं. शेजारच्या मशीनवर तिची धाकटी जाऊ बसायची. धाकटीची नजर अधू झालेली. पत्र्याची कड धड दिसायची नाही, म्हणून हात जपून चालायचा. नवरा घरी बसलेला, नोकरी सोडायची सोय नाही. आजवर थोरली येता-जाता आपली ओंजळभर बकलं तिच्या क्रेटमध्ये टाकायची नि कुणाच्या बापाला पत्ता लागायचा नाही. आता मोजणी थेट मशीनमधूनच होऊ लागली.

मग थोरलीनं शक्कल लढवली. कामाची पाळी सुरू होताना स्क्रीनला आपापलं कार्ड लावावं लागे. तिनं आपल्या मशीनला धाकटीचं कार्ड लावलं, धाकटीच्या मशीनला आपलं, म्हणजे आपली बकलं तिच्या नावावर चढतील. इतकी वर्षं इथं हाडं झिजवली, आपल्याला कोण हात लावतोय, असं तिला वाटलं. धाकटी आधी नको नको म्हणाली, मग गप्प बसली.

महिना सरताच सुपरवायझरनं दोघींना बोलावलं. आकडा घसरला म्हणून थोरलीची पॅकिंगला रवानगी झाली. धाकटी सगळ्यांत चपळ ठरली, म्हणून तिला बढती आणि दुप्पट वेगाचं नवं मशीन. थोरली वाट पाहत राहिली, ही आता खरं बोलेल, मग बोलेल. धाकट्या बाईसाहेब मान खाली घालून उभ्या. हिला हेच हवं होतं की काय, ही शंका थोरलीच्या मनात शिरली ती शिरलीच.

दुसऱ्या दिवशी खोकी चिकटवताना तिचा नुसता जळफळाट चालला होता. नजर मात्र नव्या मशीनवर. धाकटी वाकून वाकून पत्रा सरकवत होती. मशीनचा ठोका पडायचा नि बोटं जेमतेम बाहेर यायची. एकदा तर हातमोज्याचं टोकच कापलं गेलं. धाकटीनं पटकन इकडेतिकडे पाहिलं, मोजा खिशात कोंबला आणि पुन्हा पत्रा घेतला. थोरली धावत गेली, लाल बटण दाबून मशीन बंद केलं आणि सुपरवायझरला कार्डांचा सगळा घोळ सांगून टाकला.

धाकटीला त्याच संध्याकाळी काढलं. थोरलीचा चपळ हात मात्र त्यांना सोडवेना. तिला चार शब्द सुनावले आणि नवं मशीन तिलाच दिलं.

फाटकाबाहेर धाकटी थांबली होती. थोरली तिला बोटांचं सांगू लागली. धाकटीनं सगळं ऐकून घेतलं.

"बोटं माझी होती, ताई," ती म्हणाली. "माझी बढती तुम्हाला बघवली नाही, एवढं सरळ सांगा ना."

नाही म्हणायला थोरलीनं तोंड उघडलं. खोकी चिकटवताना आपण हिला मनातल्या मनात काय काय बोललो ते तिला आठवलं.