डुलकीचा तास

बस कंपनीच्या चालकांना गाडी चालवताना डुलकी कशी टाळावी, हे ऑनलाइन शिकवायचं काम तिच्याकडे होतं. मोठ्या माणसांना शिकवणं म्हणजे डोकेफोडीचं काम. त्यांना सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं ते कबूल करायला जीभ रेटत नाही. मागच्या खेपेला सगळ्यांचे कॅमेरे बंद होते. एकजण तर चक्क घोरत होता. या वेळी चालक बोलते झाले नाहीत तर तिचा करार संपला, असं कंपनीच्या साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

म्हणून तिने डोकं चालवून अख्खा तास नव्याने रचला. चित्रं, प्रश्नमंजूषा, आणि शेवटी चालकांनी वेगवेगळ्या ऑनलाइन खोल्यांत बसून आपापसांत बोलायचं. सासूबाईंच्या पायाचं हाड मोडल्यापासून तिच्या झोपेचं खोबरं झालं होतं, तरी कंबर कसून बसली. प्रश्नमंजूषेत सगळ्यांनी बिनचूक बटणं दाबली. डोळे जड झाले की गाडी बाजूला घेणार म्हणे. मग तिने त्यांना खोल्यांत पाठवलं, जरा मान टेकली, आणि शिकवणारीलाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा वेळ केव्हाच संपली होती. सगळ्यांना परत बोलवायला ती पहिल्या खोलीत शिरली, तर आत गप्पा रंगल्या होत्या. एक वयस्कर चालक सांगत होता, की सलग दोन ड्युट्या पडल्या आणि वळणावर त्याचा डोळा मिटला. गाडी कठड्याला घासून थांबली. आज रात्रीही त्याला तशाच सलग दुसऱ्या ड्युटीवर जायचं होतं. तेवढ्यात त्याला ती दिसली.

"ताई, तुम्ही नव्हता म्हणून बोललो," तो म्हणाला. "वर सांगू नका. घरी बसवतील मला."

लगेच साहेबांचा फोन आला. तास लांबलेला त्यांना दिसला होता, स्वारी खूश होती. लोक इतका वेळ बोलत बसले म्हणजे काहीतरी निघालंच असेल, ते काय, असं त्यांनी विचारलं. त्या चालकाचं सांगून टाकावं आणि करार वाचवावा, असं क्षणभर तिच्या मनात आलं. त्याची तिलाच लाज वाटली.

"मला झोप लागली होती, सर," ती म्हणाली. "रात्रभर जागून दिवसा काम केलं की लागतेच. चालकांना सलग ड्युट्या देऊ नका."

चालकांचं मी बघतो, तुम्ही दुसरीकडे काम बघा, असं म्हणून साहेबांनी विषय मिटवला. ती बरं म्हणाली आणि सासूबाईंच्या खोलीत गेली. त्यांना गोळी देताना आठवलं, आज रात्रीच्या सलग ड्युट्यांचं काय, हे विचारायचं राहूनच गेलं. तिने परत फोन लावला. साहेबांनी उचलला नाही.