युद्धाला वन्स मोर

गेली एकोणीस वर्षं मी गावच्या मंडईसाठी नाटक लिहितो. पोटासाठी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुतो, पण गावात मला ओळखतात ते नाटकवाला नागसेनभाऊ म्हणून. दिवाळी झाली, धान कापून झालं की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडईला नाटक लागतंच. पाहुण्यांना भाजी कमी पडली तर खपून जातं. नाटक नसलं तर सोयरे वर्षभर टोमणे मारतात.

माझ्याबद्दल गावात एक खूळ आहे. मी नाटकात लिहितो ते पुढे खरं होतं म्हणे. एका साली पूर दाखवला, तर पुढच्या पावसाळ्यात वैनगंगा गावात शिरली. एका साली वाघानं पाटलाचा गोऱ्हा नेला असं लिहिलं, तर महिन्याभरात आमच्या नाटक मंडळाच्या अध्यक्षाचा, भैयाजीचा, गोऱ्हा गेला. आता वैनगंगेला पूर येणार नाही तर काय येणार? आणि वाघ तर आमच्याकडे गावच्या वेशीवर बसलेले असतात. मी बौद्ध माणूस, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि लोकांनी माझा भगत करून ठेवलाय. कोणी हा विषय काढला की माझं डोकं फिरतं.

म्हणून रुखमाबाई आली तेव्हा मी आधी तिच्यावर खेकसलोच.

रुखमाबाई आमच्याच मोहल्ल्यातली. तिचा एकुलता एक मुलगा मिथुन नागपूरच्या हॉटेलात स्वयंपाकी होता. दीड वर्षापूर्वी एका एजंटनं त्याला रशियाला नेलं. फौजेच्या भटारखान्यात फक्त स्वयंपाक करायचा, लढाईशी संबंध नाही, असं सांगितलं होतं. पोळ्याच्या दिवशी त्याचा शेवटचा आवाज आला, मोबाईलवर, बारा सेकंदांचा: "आई, आता स्वयंपाकाचं काम नाई राह्यलं. समोर पाठवून राह्यले." त्यानंतर फोन बंद. मी स्वतः सात अर्ज लिहिले. जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला. प्रत्येक अर्जाला आवक नंबर मिळाला, दुसरं काही मिळालं नाही.

"भाऊ," रुखमाबाई दारातच उभी राहून म्हणाली, "यंदाच्या नाटकात लढाई हाये म्हणते."

"आहे. भैयाजीला पाहिजे."

"मंग ते संपवजा. नीट संपवजा."

मला कळलं ती काय म्हणते आहे. "रुखमाबाई, तुम्ही पण? आत्ताच दीक्षाभूमीवरून आलात ना?"

"मले मालूम हाये, आपल्यात असं नसते." तिनं मान खाली घातली. "पण अर्जानं नाई झालं, भाऊ. अर्जही तुमीच लिवले, नाटकही तुमीच लिवता. आता नाटकानं करून पाहा."

मी हो म्हटलं आणि फसलो.

कारण लढाई कशी संपते हे मला ठाऊकच नव्हतं. आजवर नाटकात मी डझनभर लढाया संपवल्या होत्या. नायक खलनायकाला मारतो आणि मरता मरता गाणं म्हणतो. नाहीतर म्हातारी आई दोन्ही सैन्यांच्या मधे येऊन उभी राहते आणि राजा तलवार टाकतो. एवढंच. पण दोन शेजारी देश चार वर्षं एकमेकांची घरं पाडताहेत, त्यात आमच्या गावचा एक स्वयंपाकी अडकलाय, तिथे कुठली आई मधे उभी राहणार? रुखमाबाईला तर तालुक्याच्या कचेरीत शिपायानं खुर्चीसुद्धा दिली नव्हती.

शेवटी मी सुकलू फौजीकडे गेलो. तो ऐन उमेदीत डोंगरावरच्या एका लढाईत होता. विचारलं, तुमची लढाई कशी संपली?

तो तंबाखू मळत म्हणाला, "मले काय मालूम, भाऊ. साहेबाचा फोन वाजला. साहेब म्हणे, जी सर. फोन ठेवला अन् म्हणे, बंद करा. आमी बंद केली. अर्ध्या घंट्याआधी वाजला असता तं माया संगचा एक पोट्टा वाचला असता." मग म्हणाला, "चाय बनवली आमी."

तेच मी लिहिलं. रणभूमी, लढाई ऐन रंगात, एका कोपऱ्यात गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणि झारा घेऊन बसलेला स्वयंपाकी. मग फोन वाजतो. कप्तान म्हणतो, जी साहेब. लढाई बंद. स्वयंपाकी भांडी आवरतो आणि जातो. पडदा.

भैयाजी मंडळाचा अध्यक्ष तर होताच, कप्तानाचं कामही त्याचंच. तो वैतागला. "हा का शेवट हाये का? लोकं तणसावर झोपून जातीन." मी म्हटलं, शेवट बदलला तर मी वही घेऊन घरी जातो. बऱ्याच कुरबुरीनंतर तो तयार झाला. ग्रामपंचायतीतला जुना काळा फोन आणला. घंटी सायकलची, ती विंगेतून मीच वाजवायची.

मंडईच्या आठवड्यात नाल्यापलीकडे वाघीण फिरत होती, त्यामुळे वनखात्यानं रात्री जमायला मनाई केली. आयुष्यात पहिल्यांदा आमचं नाटक भर दुपारी झालं. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत मांडव, खाली बसायला भाताच्या पेंढ्याचं तणस, आणि पाच गावचे लोक. रुखमाबाई बायकांमधे पहिल्या ओळीत बसली होती. स्वयंपाक्याचं काम हेमराजकडे होतं. ती त्याच्यावरून नजर हलवत नव्हती.

लढाई सुरू झाली. पत्र्यावर दगड, दिवाळीचे उरलेले फटाके, ढोलकी. भैयाजीनं अशी काही तलवारबाजी केली, बंदुकीच्या लढाईत तलवार कुठून आली कोण जाणे, की मांडव उठून उभा राहिला.

"वन्स मोर!"

आमच्याकडे वन्स मोर मिळाला की द्यावाच लागतो. मेलेले सैनिक उठले, अंगावरचं तणस झटकलं आणि पुन्हा लढायला लागले. पुन्हा मेले. मी घंटी वाजवली. पण तोवर दुसरा वन्स मोर आला होता. मग तिसरा. भैयाजीला घाम फुटला होता आणि चेहरा आनंदानं फुलला होता. मी जीव तोडून घंटी वाजवत होतो, आणि ती माझी मलाच ऐकू येत होती. हेमराज बिचारा प्रत्येक वेळी गंजाआड डोकं लपवायचा. चौथ्यांदा लोक ओरडले तेव्हा मला माझ्याच गावाची किळस आली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात रुखमाबाई उठली. पदराची गाठ सोडली, पन्नासाची नोट काढली आणि सरळ स्टेजवर चढली.

स्टेजवर कोणी बक्षीस घेऊन आलं की आमच्याकडे नाटक तिथल्या तिथे थांबतं. राजाचं मुंडकं उडत असलं तरी तलवार वरच राहते. ढोलकी थांबली. भैयाजीनं धापा टाकत माईक घेतला. "रुखमाबाईकडून पन्नास रुपये! कोनाच्या कामाले, बाई?"

"कामाले नाई," ती माईकमधे म्हणाली. "मघापासून फोन वाजून राह्यला. उचला तो."

मांडवात कोणी हसलं, मग ते हसणंही थांबलं. गावाला मिथुनचं ठाऊक होतं. तेवढा वेळ विसरले होते, इतकंच. भैयाजी वाईट माणूस नाही. त्यानं तलवार खाली ठेवली आणि फोन उचलला. "जी साहेब... बंद? जी." मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "बंद करा रे. वरून आदेश आला."

हेमराजनं गंजात झारा ठेवला, गंज काखेत घेतला आणि विंगेत निघून गेला. पडदा पडला. टाळ्या फारशा झाल्या नाहीत. लोक कपड्यांवरचं तणस झटकत मटणाच्या जेवणाला गेले.

मांडव रिकामा झाला तरी रुखमाबाई तिथेच होती. हातात मोबाईल. मी मागे येऊन उभा राहिलो. तिनं मिथुनचा नंबर लावला, फोन कानाला धरला, ऐकला आणि बंद केला. मला वाटलं आता रडेल. ती रडली नाही.

"भाऊ, लढाई तं बरी संपवली तुमी," ती म्हणाली. "पण तो सयपाकी गंज घेऊन कुठी गेला? घरी पोचला का? ते तुमी लिवलंच नाई."

खरंच लिहिलं नव्हतं. ते लिहायचं असतं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

"पोचला, बाई," मी म्हटलं. "पोचला ना."

"कवा?"

मी दिवस शोधू लागलो. माघ म्हणावं, की बुद्धपौर्णिमा म्हणावी, की पुढचा पोळा. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. एकोणीस नाटकं लिहिलेला माणूस मी, मला एक दिवस सांगता आला नाही.