शेवाळाचं तिकीट

जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी सुधाकरराव गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. तिकीट आमदारांच्या हाती, आणि आमदारांना सध्या शेवाळाचं वेड लागलेलं. शेवाळापासून म्हणे डिझेल निघतं! झालं. सुधाकररावांनी भीमपूरच्या शिवारातलं आपलं शेततळं एका कंपनीला शेवाळ वाढवायला देऊन टाकलं. त्या तळ्यावर बायकोची, देवकाबाईंची, वांगी होती. ती वाळली. जे शेवाळ बाईंनी जन्मभर खरवडून फेकलं, त्याला आता तारेचं कुंपण आलं.

तळं हिरवंगार झालं आणि आमदारांचं ते पाहायला यायचं ठरलं. मोठा माणूस येणार म्हटल्यावर गावात काय होतं? साफसफाई! सुधाकररावांनी हुकूम सोडला. नाल्या उपसल्या, दगडांना चुना फासला, आणि "पानी चकाचक दिसलं पायजे" म्हणून तळ्यात ब्लीचिंग पावडरची पोती ओतली. मेलेलं शेवाळ काढून फेकलं. पाहुणा तेच बघायला येतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सवयच तशी!

आमदारांच्या गाडीतूनच कंपनीचा इंजिनिअर उतरला. तळाचे गोटे दिसणारं पाणी बघून तो मटकन खाली बसला.

"शेवाल किधर है?" आमदारांनी आपल्या नेहमीच्या हिंदीत विचारलं.

सुधाकररावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण पुढारी व्हायला निघालेला माणूस तो! "साहब, पूरा तेल निकाल लिया!" इंजिनिअरनंही नोकरी वाचवायला मान डोलावली.

"वा! तो मेरी गाडी में डालो."

मग काय, सुधाकररावांनी घरच्या ड्रममधलं ट्रॅक्टरचं डिझेल कॅनमधून आणून ओतलं. गाडी सुरू झाली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मागोमाग ताफ्यातल्या सगळ्या गाड्या रांगेत लागल्या. फुकटचं कोण सोडतो? ड्रम कोरडा पडला.

आमदारांनी तिथंच माईक धरला. तिकीट सुधाकररावांनाच! गळ्यात हार पडला. मग आमदारांनी दुसरी घोषणा केली: असं तेल निघत असेल, तर महसूल मंडलातलं एकूण एक शेततळं शेवाळाला द्यायचं.

टाळ्या थांबल्या. त्या तळ्यांवर लोकांचा हरभरा उभा होता, भाजीपाला होता. एकेक माणूस उठला आणि सुधाकररावांकडे न बघता निघून गेला.

ताफा गेल्यावर तळ्यावर नवराबायको दोघंच उरली. सुधाकररावांच्या गळ्यातला हार तसाच होता.

"तिकीट भेटलं ना?" देवकाबाई म्हणाल्या. "आता मत कोनाले मागनार? शेवाळाले? थे बी तुमीच मारलं."