नव्वद दिवसांचं सुतक

माझ्या आईची चूल तुम्ही विझवलीत. हे पत्र तुम्हाला देतेय आणि छापायलाही देतेय, म्हणून तुमचं पद, तुमचं ऑफिस इथे लिहीत नाही. तुम्ही कोण ते तुम्हाला ठाऊक आहे.

अण्णा नगरातल्या आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आई, वसंताबाई, एकोणीस वर्षं जेवणाचे डबे करायची. इस्पितळातली पथ्यावरची माणसं, मुलं परदेशी गेलेले म्हातारे, अशा चाळीस जणांचं दुपारचं जेवण. कुणाला मीठ नको, कुणाला तूरडाळ चालत नाही, अस्क, सगळंच, तिला तोंडपाठ. बाबा, राजगोपाल, स्कूटरवरून डबे पोचवायचे. जेवण विकायचं लायसन्स मात्र बाबांच्या नावावर. दोघं तुमच्या ऑफिसात अर्ज करायला आले तेव्हा खिडकीतला तुमचाच माणूस म्हणाला होता, "पुरुषाचं नाव घाला अम्मा, सोपं जातं." घातलं.

बाबा गेले. चौदाव्या दिवशी आईने पुन्हा डबे भरले, कारण पथ्यावरची माणसं किती दिवस थांबणार? विसाव्या दिवशी मी लायसन्स आईच्या नावावर करायचा अर्ज छापून आणला. आमच्या तंजावरच्या मराठी घरांत माणूस गेल्यावर वर्ष पाळतात. सण नाही, नवी वस्तू नाही, नव्याने काही सुरू करायचं नाही. अप्पाजीकाका, बाबांचे धाकटे भाऊ, अर्ज पाहून भडकले.

"तंजावर सोडल्यापासून या घरात असं कुणी केलं नाही ग. वर्षश्राद्ध होऊ दे, मग अस्क वहिनीच्या नावे कर."

"काका, सरकार वर्ष पाळत नाही."

"इन्शुरन्स ऑफिसात बसतेस म्हणून गेलेल्या माणसाचे कागद बदलायची घाई तुलाच का ग?"

आईने अर्जाची घडी घातली आणि बाबांच्या फोटोमागे ठेवली. "रंजनी, त्यांचं नाव आत्ताच पुसू? असू दे थोडे दिवस."

मला नियम माहीत होता. माणूस गेल्यावर त्याचं लायसन्स वारसाला नव्वद दिवस चालतं, तेवढ्यात अर्ज द्यायचा. तरी मी गप्प बसले. रडणाऱ्या आईशी भांडायचा कंटाळा केला. लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. डबे, मसाले, लोणची करणाऱ्या बायांनो, तेराव्याच्या सामानाच्या यादीत हा अर्जसुद्धा लिहा. काका रागावतील. रागावू देत.

दोनशे अकराव्या दिवशी तुम्ही आलात. आई पडवळ चिरत होती.

"राजगोपाल कोण?"

आईने चंदनाचा हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. गावाला गेलेत, असं सांगता आलं असतं. तिला ते सुचलंच नाही.

"म्हणजे इथे मेलेला माणूस स्वयंपाक करतो?" तुम्ही विचारलंत. बरोबरचा शिपाई हसला.

"जिवंत होते तेव्हाही त्यांनी कधी कॉफी केली नाही, सार," आई म्हणाली. "मीच करते. तेव्हाही मीच करत होते."

तुम्ही लिहिलंत, विनापरवाना. दाराला सील ठोकलंत. चिरलेलं पडवळ आतच राहिलं. तिसऱ्या दिवशी दाराखालून वास यायला लागला. आई त्या दाराकडे पाठ करून बसायची, पण तिथून हलायची नाही.

मी नियमाचं पान घेऊन तुमच्याकडे आले.

"मुदत संपली," तुम्ही म्हणालात.

"पुढची ओळ वाचा ना सार. कारण लेखी नोंदवून जास्त दिवस देता येतात."

"मला कायदा शिकवू नका, अम्मा."

मुदतवाढीचा अर्ज दोनदा दिला. दोनदा पोच मिळाली, उत्तर नाही. आईच्या नावाने नवा अर्ज भरला, तर जुनं प्रकरण मिटेपर्यंत तो पडून राहील म्हणालात. इस्पितळातून फोन यायचे. आईने उचलणं सोडलं. आता येत नाहीत.

परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. आमची चूल सीलच्या आत. पुढच्या खोलीतल्या एका शेगडीवर आमच्या दोघींचा भात होतो, श्राद्धाचा स्वयंपाक होत नाही. जेवण बाहेरून मागवलं. चाळीस घरांना जेवू घालणाऱ्या बाईच्या नवऱ्याचं श्राद्ध, आणि पान दुसऱ्याच्या हातचं. आईने एक घास घेतला.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "त्यांना चाललं नसतं."

काका बिलाचा कागद बराच वेळ बघत होते. वरती केटररचा लायसन्स नंबर छापलेला होता. मग ते उठले, फोटोमागचा अर्ज काढला आणि आईपुढे ठेवला.

"वहिनी, वर्ष झालं. आता करा सही."

आईने सही केली. काकांकडे तिने पाहिलं नाही.

तो अर्ज या कागदाला जोडला आहे. उशीर आमचा, चूक आमची, हे मी वरच कबूल केलंय. मुदत वाढवायची तर तुम्हाला कारण लिहावं लागतं. मग न वाढवायला काय कारण होतं? तेही लिहून द्या, सहीशिक्क्यानिशी. मला ते आईला वाचून दाखवायचं आहे.