जुळवलेलं उत्तर

वल्लरीने वजनाच्या रकान्यात सातशे ग्रॅम टाकले आणि कळ इतक्या जोरात दाबली की टेबलाभोवतीचे तिघंही दचकले.

पडद्यावर तीन उत्तरं उमटली. दोन सारखी, तिसरं कमी. ते तिचं.

"दोनास एक," प्रमुख सलिल म्हणाला. "यंत्र बहुमताचं ऐकतं. तू तुझं दुरुस्त कर. उद्या पंप रुग्णालयात चाललेत."

पंप नवजात बाळांना थेंबाथेंबाने औषध देणारे. एकाची चूक दुसऱ्याच्या उत्तराने उघडी पडावी म्हणून औषधाच्या मात्रेचा तोच हिशेब करणारा प्रोग्राम वल्लरी, चेतन आणि पूर्णिमाने वेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी न बोलता लिहायचा होता.

"तुम्हा दोघांचं उत्तर एक किलोच्या बाळाचं आहे," ती म्हणाली. "सातशेच्या बाळाला जवळजवळ दीडपट औषध जाईल."

"अगं, दोघं एकाच जागी कसे चुकू?" चेतन हसला.

"तेच विचारतेय. कसे चुकलात?"

"वल्लरी, घरचं इथे नको आणूस," सलिल म्हणाला.

तिची ओवी सातशे ग्रॅमचीच जन्मली होती. काचेच्या पेटीपाशी उभी राहून वल्लरी तेव्हा लेकीकडे कमी आणि पंपाच्या आकड्यांकडेच जास्त बघायची. आता तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"आणणार. चेतन, तुम्ही दोघं वारज्याहून एकाच स्कूटरवर येता ना?"

"मग काय चालत यायचं?"

"वाटेत उत्तरं जुळवलीत."

"त्यात काय? क्लासबाहेर सगळेच जुळवतात."

"पेपर दिल्यावर जुळवतात. लिहिताना जुळवलं तर त्याला वेगळं नाव आहे."

पूर्णिमा मघापासून पेनाचं टोपण काढत-घालत होती.

"माझं आधी किती आलं होतं, ते कुणी विचारतच नाही," ती म्हणाली. "हा म्हणाला, किलोच्या खाली कोण असतं? मग मी बदललं."

तिने आपली जुनी आवृत्ती काढून चालवली. पुन्हा दोन सारखी. या वेळी वेगळं पडलं ते चेतनचं, जास्तीचं.

"दोनास..." सवयीने म्हणता म्हणता सलिल थांबला.

"आता सगळी वजनं पुन्हा तपासायची," वल्लरी म्हणाली. "आपापल्या खोलीत."

पूर्णिमा लॅपटॉप उचलून तिच्याजवळ सरकली. हळूच म्हणाली,

"पाचशेला तुझं किती येतंय गं?"

वल्लरीने आपला लॅपटॉप खाडकन मिटला.