एक सलग पेपर

एप्रिलमधल्या पहिल्या परीक्षेला उल्का बसली ती जेमतेम तासभर. कुणीतरी कॉलेजात फोन करून इमारतीत बॉम्ब ठेवल्याचं सांगितलं, सगळ्या मुलांना मैदानात काढलं आणि पेपर रद्द झाला. बॉम्ब वगैरे काही नव्हतं. पण माझ्या मुलीचं त्या दिवसापासून जे बिनसलं ते बिनसलंच. घरी सरावाचा पेपर सोडवायला बसली की मध्येच पेन खाली ठेवायची. रस्त्यावर जीप थांबली, शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, की हात थांबला. मग काही केल्या पुन्हा सुरुवात व्हायची नाही.

"मुझे आता सब है, आई," ती म्हणायची. "बस बीच में टूट जाता है."

तिचा जन्म चंडीगढचा. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

जूनमध्ये मेडिकलची दुसरी प्रवेशपरीक्षा होती, त्या वर्षातली शेवटची. मार्क किती पडतील याची चिंता मी सोडूनच दिली होती. मुलीनं एकदा तरी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग लिहावा, एवढंच मनात होतं. आणि ते अठ्ठ्याऐंशी साल, पंजाबात अतिरेक्यांची दहशत. चौकाचौकात वाळूची पोती रचलेली, बसमध्ये चढलं की कंडक्टर आधी सांगायचा, "सीट के नीचे देख लो जी," आणि मग तिकीट. अशा शहरात कुणाला सलग तीन तासांची हमी देता येणार?

मला फिजिक्समधलं काही येत नाही. मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. ती पेपर सोडवायला बसली की मी स्वयंपाकघरात मुद्दाम ताटं पाडायची. मधूनच पूजेची घंटा वाजवायची. दाराची कडी आपटायची. सुरुवातीला ती दचकून उठायची, मग नुसतं वर बघायची, मग तेही कमी झालं.

"तुझी आई इतक्या वर्षांत एवढ्या आवाजात कधी वागली नव्हती," हे म्हणाले.

हे म्हणजे उल्काचे वडील, श्यामकांत. इन्स्टिट्यूटमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत. देवधर्मावर त्यांचा विश्वास नाही. माझ्या नेमांना मात्र त्यांनी कधी आडकाठी केली नाही, थट्टा तेवढी केली. सकाळी मी पूजेला बसले की वर्तमानपत्राच्या आडून म्हणायचे, "सांग तुझ्या देवाला, ऑर्गॅनिक कच्चं आहे तिचं."

"मी काही मागत नाही त्याच्याकडे."

"रोज एवढं करतेस आणि एक सीट मागायला काय होतं?"

"मागण्यासाठी करत नाही."

त्यावर ते मान हलवायचे. दोन-तीन सहकाऱ्यांनी त्यांना सुचवलं होतं की अमक्या कॉलेजात आपली ओळख आहे, एक शब्द टाकून बघू. यांनी हात जोडून नको म्हटलं होतं. उल्कानं ते ऐकलं होतं आणि तिला वडिलांचा त्याबद्दल अभिमान होता.

परीक्षेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पहाटे पूजा उरकली आणि थालीपिठं लावायला घेतली. उल्का आणि मी सायकलरिक्षानं निघालो, हे मागून स्कूटरवर आले. कॉलेजच्या गेटावर झडती झाली. मुलींच्या वेण्यासुद्धा चाचपून पाहिल्या. उल्का आत गेली आणि तिला खालच्या मजल्यावर, खिडकीजवळची जागा मिळाल्याचं मला बाहेरून दिसलं. स्टँड उन्हात होता म्हणून यांनी स्कूटर त्या खिडकीखालच्या सावलीत लावली.

आम्ही पालक समोर अमलताशच्या, म्हणजे आपल्या बहाव्याच्या, झाडांखाली बसलो. लू, तिकडचा तो उन्हाळी गरम वारा, वाहायला लागली होती. माझ्या शेजारी मिसेस सेठी म्हणून एक बाई होत्या, त्यांचा मुलगा आत होता. त्या शिखांच्या सुखमनी साहिबचा पाठ करत होत्या, मी माझं नामस्मरण. मधून एकमेकींकडे बघून आम्ही मान हलवत होतो, म्हणजे चालू आहे, ठीक आहे. हे काही बसेनात. दोनदा स्कूटरपर्यंत जाऊन आले. मग म्हणाले, "तिला बाहेर आल्यावर थंड पाणी लागेल, बर्फ घालून आणतो," आणि रस्त्यापलीकडच्या मार्केटात गेले.

पहिला तास सरला, दुसरा लागला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

एक शिपाई खिडकीखालच्या सावलीत वाकून बघत होता. तो मागे सरकला, त्यानं दुसऱ्याला हाक मारली, आणि क्षणात सगळीकडून "पीछे, पीछे, सब गेट की तरफ़" सुरू झालं. एका स्कूटरच्या पुढच्या डिकीतून काहीतरी ठिबकत होतं आणि खाली सिमेंटवर ओल पसरली होती. मी नंबर वाचला. आमचाच.

व्हरांड्यात केंद्रप्रमुख बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पितळी घंटा होती आणि तिचा लोळा त्यांनी मुठीत धरला होता. इन्स्पेक्टर त्यांना म्हणाले, "मैडम, तैयार रहिए. मैं हाथ उठाऊँ तो घंटी, और सारा हॉल पीछे के दरवाज़े से."

मला खिडकीतून उल्काची वेणी दिसत होती. मान खाली होती. ती लिहीत होती.

मी गर्दीतून पुढे झाले. इन्स्पेक्टरांच्या छातीवर ढिल्लों अशी पाटी होती. मी म्हटलं, "जी, स्कूटर हमारा है."

"ज़ोर से बोलो, बीबीजी."

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कानाला हात लावला. तिसऱ्या वेळी माझा आवाज मलाच परका वाटला.

"अंदर क्या है?"

"मालूम नहीं."

"आपका स्कूटर है और आपको मालूम नहीं?"

"चाबी उनके पास है. पानी लाने गए हैं."

ढिल्लोंनी ओल्या सिमेंटकडे पाहिलं. "पानी तो इधर टपक रहा है."

बॉम्बशोधक पथकाला निरोप गेला होता, पण ते दुसऱ्या सेक्टरात अडकलं होतं. ढिल्लोंनी घड्याळ पाहिलं, मग व्हरांड्याकडे. मी हात जोडले. "आत माझी मुलगी आहे," हे मी मराठीतच बोलून गेले. त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा हात वर गेला नाही.

तेवढ्यात हे आले. हातात बाटली, कपाळावर घाम. गर्दी पाहिली, स्कूटर पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला. शिपाई डिकीकडे सरकला तसे ते म्हणाले, "खोलिए मत. प्लीज़."

त्याबरोबर दोन बंदुका यांच्याकडे वळल्या.

"अहो, प्रयोगशाळेतलं काही आणलंत का? ॲसिड वगैरे?" मी विचारलं.

"नाही."

"मग काय आहे?"

ते चपलांकडे बघत राहिले. "बाळकृष्ण आहे."

यांच्या ऑफिसात बाळकृष्ण नावाचं कोण, ते मला आठवेना. "कोण बाळकृष्ण?"

"आपला. देव्हाऱ्यातला."

"डिकीत?"

"पाण्यात."

माझ्या लग्नात माहेरून आलेला, पितळेचा, रांगता, हातात लोणी धरलेला माझा बाळकृष्ण. पहाटे मी त्याला पुसून जागेवर ठेवला होता. म्हणजे मी थालीपिठं लावत असताना यांनी तो उचलला होता.

"आपस में क्या बोल रहे हो?" ढिल्लों म्हणाले. "हिंदी में बोलो."

 मीच सांगितलं. "जी, हमारे महाराष्ट्र में, कोई बड़ा काम अटका हो तो घर के भगवान को पानी में रख देते हैं. काम होने तक."

"काम न हो तो?"

"तो पानी में ही रहते हैं."

"यानी हवालात में." त्यांनी यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कौन से भगवान हैं?"

"किशनजी. छोटे वाले, घुटनों पर चलने वाले."

"उनका तो जनम ही हवालात में हुआ था." ढिल्लोंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "ठीक है. खोलेंगे आप. बाकी सब पीछे."

हे किल्ली घेऊन निघाले. मी त्यांच्याबरोबर चालू लागले. "बीबीजी, आप नहीं," असं मागून ऐकू आलं, पण मी थांबले नाही आणि मला कुणी धरलंही नाही. डिकीपाशी यांना किल्ली लागेना.

"हळू," ते मलाच म्हणाले. "आवाज नको. ती खिडकीतच आहे."

मी त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं. आत सैल झाकणाचा स्टीलचा डबा, निम्मा रिकामा झालेला. मी बाळकृष्ण पाण्यातून काढला आणि ढिल्लोंना दिसेल असा तळहातावर धरला. शिपायानं काठीनं डबा हलवून बघितला, डिकीत हात घालून चाचपलं. एक फडकं आणि पाना निघाला.

ढिल्लोंनी व्हरांड्याकडे बघून मान आडवी हलवली. बाईंनी लोळा सोडला नाही, घंटा तशीच घेऊन आत गेल्या. खिडकीत उल्काची वेणी होती तिथेच होती.

मला तिथल्या तिथे बसावंसं वाटलं.  मिसेस सेठींनी मला धरून झाडाखाली नेलं आणि यांनी आणलेलं बर्फाचं पाणी आधी मलाच पाजलं. हे शेजारी येऊन बसले. 

"तुम्ही देव पाण्यात घातलात," मी म्हटलं. "तुम्ही."

"तू मागत नाहीस म्हणालीस. मग कुणीतरी मागायला नको?"

"अहो, पण घरी तरी ठेवायचा."

"घरी तुला दिसला असता. प्रयोगशाळेत ठेवला असता तर तिथल्या मोहन पाटकरानं वर्षभर माझं हसं केलं असतं." ते रुमालानं मूर्ती पुसत होते, कोपऱ्याकोपऱ्यातून, परीक्षानळी पुसावी तशी. "आणि म्हटलं, तिच्या जवळ असलेला बरा. सावलीही होती."

मला रागवायचं होतं. पण रागाच्या आधी सुटकाच आली, आणि ती एवढी होती की रागाला जागा उरली नाही.

पेपर संपल्याची घंटा झाली तेव्हा मुलं लोंढ्यानं बाहेर आली. उल्का अगदी शेवटी, सावकाश. बोटांना शाई, ओढणी एका खांद्यावर.

"हो गया," ती म्हणाली.

"पूर्ण?" यांनी विचारलं.

"पूरा. दो सवालों में तुक्का मारा, बाकी सब किया." उरलेलं पाणी ती एका दमात प्यायली. "बीच में बाहर कुछ हो रहा था न? मैडम घंटी पकड़कर दरवाज़े में खड़ी थीं. मुझे लगा, अब बजी. फिर सोचा, बजेगी तब देखेंगे. लिखती रही."

यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि चष्मा काढला.

जीपकडे जाता जाता ढिल्लों आमच्यापाशी थांबले. "बेटा, पेपर अच्छा हुआ? होना ही था. तेरे पिताजी ने तो बिलकुल ऊपर तक सिफ़ारिश लगा रखी थी."

उल्काचा चेहरा पडला. "बाबा, आपने किसी से बोला? आपने कहा था नहीं बोलेंगे."

"नाही गं. तसं नाही."

"फिर ये क्या कह रहे हैं?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि त्यातला बाळकृष्ण तळहातावर घेऊन मुलीसमोर धरला.

"ये यहाँ क्या कर रहे हैं?" उल्का म्हणाली.

मग यांनी सांगितलं. पाणी, डबा, सैल झाकण, बंदुका, सगळं, परीक्षकासमोर तोंडी देणाऱ्या मुलासारखं मान खाली घालून. उल्का आधी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलायला लागले, मग खांदे, आणि ती फुटपाथच्या कडेला बसून हसत सुटली. एप्रिलपासून घरात तो आवाज नव्हता. ढिल्लोंही मिशीत हसले आणि जीपमध्ये चढले.

"म्हणजे मीच," हे म्हणाले, "मीच तुझा पेपर बंद पाडला असता."

"पर पड़ा तो नहीं, बाबा." तिनं डोळे पुसले, बाळकृष्ण घेतला आणि ओढणीच्या टोकात गुंडाळून माझ्याकडे दिला. "और सुनिए, रिज़ल्ट तक इन्हें दोबारा मत डालना. जो लिखना था, मैंने लिख दिया है."

"नाही घालत."

"पक्का?"

"पक्का."

हे स्कूटरवरून पुढे गेले. आम्ही दोघी रिक्षात बसलो. ऊन चढलं होतं, रस्ते रिकामे होते, नाक्यावर जवानानं हात करून जाऊ दिलं. उल्का मला पहिला प्रश्न सांगायला लागली, मग दुसरा, मग तिसरा. कुठला पर्याय का खोडला, कुठे फसवलं होतं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. मी हूं हूं करत होते. सेक्टर चोवीसमधलं आमचं क्वार्टर येईपर्यंत ती मध्ये कुठेही थांबली नाही.